वडिलांची दुनळी, नवं रिव्हॉल्व्हर आणि मधला कोर्स

तुमचा प्रश्न तीनपदरी आहे. वडील जाऊन काही महिने झाले, त्यांची बारा बोरची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक; बोर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप) घरच्या कपाटात आहे आणि ती तुमच्या नावावर करायची आहे. दाल बाजारातल्या पेढीची रोकड बँकेत न्यावी लागते, म्हणून एखादं रिव्हॉल्व्हरही घ्यावंसं वाटतं. आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय की परवान्यासाठी लागणारा सेफ्टी कोर्स म्हणजे नुसता कागद, तो मी आणून देतो. मी फौजेत असताना जवानांना हत्यार शिकवायचो आणि आता ग्वाल्हेरात नव्या परवानेधारकांना शिकवतो. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि तुम्ही विचारलंत त्या क्रमानेही येणार नाही.

आधी कपाटाचं बघू, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. परवाना बंदुकीला नसतो, माणसाला असतो. माणूस गेला की परवाना संपला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे असं शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. आपल्याकडे सुतक, तेरावं, वर्षश्राद्ध करता करता ही गोष्ट राहून जाते. घरच्यांना वाटतं, बंदूक तर कायदेशीर आहे, बाबांच्या नावावर आहे. पण बाबा नाहीत, म्हणजे आज ती तुमच्याकडे विनापरवाना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहे. घाबरवत नाही, पण उद्या सकाळचं पहिलं काम हेच. वडिलांचा मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि एक साधा अर्ज घेऊन आधी ठाण्यात जा. बंदूक तेव्हाच खांद्यावर टाकून नेऊ नका. ती केव्हा आणि कशी आणायची ते ठाण्यातूनच विचारून घ्या. मला विचाराल तर विक्रेत्याकडे ठेवलेली बरी. महिन्याचं भाडं पडतं, पण तेलपाणी होतं. ठाण्याच्या मालखान्यात दोन पावसाळे काढलेल्या बंदुकीची नळी आतून कशी दिसते, ते पाहिलं की भाड्याचं वाईट वाटत नाही.

नाव लावण्याचा रस्ता सरळ आहे. शस्त्र नियम २०१६ मधल्या २५ व्या नियमानुसार कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. मालक हयात असतानाही हे करता येतं : त्याचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तर. (हे वाचणाऱ्या ज्यांचे वडील किंवा काका आज पंच्याहत्तरीत आहेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. वडील सही करायला बसलेले असताना जे काम सोपं असतं, ते नंतर भावाबहिणींच्या शपथपत्रांवर अडकतं.) बाकीच्या वारसांची हरकत नाही असं लेखी लागतं. तुमची बहीण पुण्याला असते म्हणालात, तर तिच्याकडून ते आत्ताच मागवून ठेवा. आणि वारसा हा फक्त मार्ग आहे. पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षण यातलं काहीच माफ होत नाही. वय २१ पूर्ण हवं, तो तुमचा प्रश्न नाही.

आता त्या दुनळीबद्दल एक गोष्ट, जी परवान्याच्या अर्जात कुणी विचारत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांमधून, चिटणीसांच्या गोठीपासून जिवाजीगंजपर्यंत, ज्या बंदुका माझ्याकडे येतात त्यातल्या काही फार देखण्या असतात. संस्थानकाळातल्या, विलायतेतून आणलेल्या, लॉकवर नक्षी. देखणी बंदूक चालवण्यालायक असेलच असं नाही. तुमच्या बंदुकीच्या नळीवर लाकडाच्या रेषांसारखी लाटालाटांची जाळी दिसत असेल, तर ती डमास्कस नळी आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. ती काळ्या दारूच्या काळातली. आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब तिला झेपेलच असं नाही, फाटली तर डाव्या हातापाशी फाटते. अशी बंदूक भिंतीवर शोभते, तीही परवान्यासकट.

नळी साध्या पोलादाची असली तरी चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या. जुन्या विलायती बारा बोरचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. बाजारात ७० मिलिमीटरची काडतुसंही मिळतात. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण न उडालेलं काडतूस तोंडाशी दुमडलेलं असतं. उडताना ती दुमड उघडते, तिला पुढे जागा नसते, आणि दाब वाढतो. म्हणून काडतूस बसलं म्हणजे चाललं, हे गणित चूक. खडकीच्या कारखान्याचं के.एफ. छाप काडतूस घ्या नाहीतर दुसरं कुठलंही, खोक्यावरची लांबी वाचा आणि नळीवर कोरलेल्या आकड्याशी ताडून बघा. कोरलेलं वाचता येत नसेल तर बंदूक कारागिराकडे द्या. आणि वडिलांच्या डब्यात जी जुनी काडतुसं असतील, कागदी, फुगलेली, पितळेवर हिरवट बुरशी चढलेली, ती वापरायची नाहीत आणि नाल्यातही टाकायची नाहीत. बंदुकीबरोबर जमा करा आणि पावतीवर संख्या लिहून घ्या.

परवान्याच्या प्रकारांवरून लोक उगाच गोंधळतात. कायद्यातली मोठी भिंत एकच : प्रतिबंधित बोर आणि अप्रतिबंधित बोर. ९ मिलिमीटर पिस्तूल, .३०३ रायफल, सगळी स्वयंचलित हत्यारं पहिल्या बाजूला. तिथला परवाना केंद्र सरकारच्या हातात असतो आणि जिवाला गंभीर, तातडीचा धोका सिद्ध करावा लागतो. तुमच्याआमच्यासारख्यांनी त्या दारावर वेळ घालवू नये. दुसऱ्या बाजूला बारा बोर, .३१५ रायफल, .२२ रायफल, .३२ चं रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल. हा परवाना जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडे कलेक्टर देतात.

या दुसऱ्या बाजूतही सगळे सारखे नाहीत. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये, किमान २० इंच नळीची गुळगुळीत बोरची बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीसाठी, यांना वेगळी आणि मवाळ वागणूक आहे. नेमबाजीच्या क्लबातल्या सभासदाच्या .२२ रायफललाही तसंच. रिव्हॉल्व्हरला ही सवलत नाही, तिथे 'का हवं' याचं उत्तर द्यावंच लागतं. पिकाच्या राखणीचा परवाना म्हणजे नीलगाय मारण्याचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ वेगळा आहे आणि त्याची परवानगी वेगळी लागते. खेळाडूंचा, म्हणजे रायफल संघटनेकडे नोंद असलेल्या नेमबाजांचा वर्ग आणखी निराळा. त्यांना शस्त्रांच्या संख्येतही सूट आहे.

संख्येचं तुम्हाला लागू आहे. २०१९ पर्यंत एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत, आता दोनच, आणि वारशाने आलेलं शस्त्र त्या दोनात धरतात. म्हणजे दुनळी आणि रिव्हॉल्व्हर घेतलंत की तुमचा कोटा भरला. उद्या मामांची .३१५ तुमच्याकडे यायची असेल तर ती येणार नाही. घरात कोण कोणतं शस्त्र घेणार, हे बहीणभावांनी एकत्र बसून ठरवा. मुलीही वारस असतात, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत सावधपणे हाताळणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

रिव्हॉल्व्हरबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. रोकड लुटणारा समोरून आव्हान देऊन येत नाही. तो मागून, गाडीवरून, गर्दीच्या वेळी येतो आणि पिशवीला हात घालून जातो. तेवढ्यात तुम्ही कमरेचं हत्यार काढणार, चेंबर, चाप, समोर कोण, मागे कोण हे बघणार, आणि तेही महाराज बाड्यावरच्या बाजारात, संध्याकाळच्या गर्दीत? गोळी लुटारूला चुकली तर ती कुठे थांबते? .२२ ची बारीकशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. बँकेची रोकड उचलण्याची सोय, वेळ आणि रस्ता बदलत राहणं, सोबत एक माणूस, यांनी जास्त काम होतं. तरीही धोका खरा असेल, धमकी आलेली असेल, ठाण्यात नोंद असेल, तर अर्ज जरूर करा आणि ती कागदपत्रं जोडा. नुसतं 'व्यापारी आहे' हे कारण आपल्या जिल्ह्यात सगळ्यांकडेच असतं. पण निर्णय कोर्सच्या आधी घेऊ नका. कोर्सला येऊन मग परत जाणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांनी योग्य केलं.

त्या कोर्सकडे येतो. शस्त्र नियम २०१६ चा दहावा नियम अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण सांगतो, आणि त्याचं प्रमाणपत्र एस-१ नमुन्यात मिळतं. अभ्यासक्रमात काय हवं तेही नियमातच आहे : शस्त्र आणि काडतूस सुरक्षितपणे हाताळणं, बाळगून नेणं, गोळी झाडण्याची पद्धत, निगा, साठवण, वाहतूक आणि कायद्याची तोंडओळख. म्हणजे तुमचे ओळखीचे जो कागद आणून देणार आहेत, त्यावर लिहिलेलं असेल की तुम्हाला हे सगळं येतं. उद्या घरात बार उडाला, कुणाला लागला, तर हाच कागद न्यायालयात तुमच्याविरुद्ध उभा राहील. प्रशिक्षित माणसाकडून हलगर्जी झाली, असं. खोटं ठरलं तर परवाना जाईल तो वेगळाच.

मी पहिल्या दिवशी काडतूसच आणत नाही. टेबलावर तीन हत्यारं, आणि काम एकच : हे भरलेलं आहे की रिकामं, ते मला सांगा. सोपं वाटतं. दुनळी सगळ्यात प्रामाणिक. वरचा खटका अंगठ्याने उजवीकडे दाबला की नळ्या खाली झुकतात, दोन्ही चेंबर डोळ्यांसमोर येतात. रिकामी दिसली तरी नळीतून पलीकडचा उजेड बघायचा. गांधीलमाशीचं मातीचं घर, साफ करताना अडकलेली चिंधी, काहीही असू शकतं. एक वाईट प्रकार म्हणजे चुकून २० बोरचं काडतूस बारा बोरमध्ये घालणं. ते चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, माणूस वर बारा बोरचं काडतूस घालतो, आणि मग नळी उरत नाही.

कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर बिजागरीवर उघडतं. खटका दाबून नळी खाली मोडली की सिलिंडरमागची चांदणी सगळी काडतुसं एकदम वर उचलते. जोरात मोडलं तर ती बाहेर पडतात, हळू मोडलं तर अर्धवट वर येऊन परत आत बसतात. म्हणून सहाच्या सहा भोकांवरून बोट फिरवायचं, अंधार असेल तर जास्तच.

पिस्तूल मात्र भल्याभल्यांना फसवतं. क्रम असा : आधी मॅगझिन (गोळ्यांचा खण) बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, मग चेंबरमध्ये नजर आणि बोट. नवखा माणूस चित्रपटात पाहिल्यासारखी आधी स्लाइड ओढतो. एक गोळी टेबलावर पडते, त्याला समाधान वाटतं, आणि तेवढ्यात मॅगझिनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये जाऊन बसलेली असते. मग तो मॅगझिन काढून बाजूला ठेवतो आणि 'रिकामं' म्हणून चाप दाबून दाखवतो. 'रिकाम्या' पिस्तुलाने होणारे बरेच अपघात या दोन हालचाली उलट्या झाल्यामुळे होतात. वर्गात डमी काडतुसं असतात म्हणून फक्त टक आवाज येतो. त्या आवाजानंतर टेबलाभोवती जी शांतता पसरते, तिच्यासाठीच तो पाठ ठेवलाय.

यातून चार सवयी लागायला हव्यात. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरून वागायचं. तोंड नेहमी अशा दिशेला, जिथे बार उडाला तरी माणसाला लागणार नाही. नेम धरून ठरवेपर्यंत बोट चापाबाहेर, चापाभोवतीच्या गार्डवर सरळ. आणि निशाणाच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय झाडायचं नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी दुसऱ्या सवयीपाशी थांबवतो. समाधिया कॉलनीतल्या नव्या बिल्डिंगमध्ये सुरक्षित दिशा कोणती? वर माणसं, खाली माणसं, बाजूची भिंत चार इंची. उत्तर देताना लोक घराचा नकाशा पहिल्यांदा नीट आठवतात.

रेंजवर दोन प्रसंग मुद्दाम शिकवतो. चाप दाबला आणि काहीच झालं नाही, तर हत्यार उघडायचं नाही. तोंड समोर ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं, काडतूस उशिराने पेटू शकतं. आणि नेहमीपेक्षा फुसका आवाज आला, धक्का कमी बसला, तर लगेच थांबून, हत्यार रिकामं करून नळी बघायची. गोळी आत अडकली असेल तर पुढची गोळी तुमच्याच हातात फुटेल. कानाला संरक्षण पहिल्या बारापासून. एकदा शिट्टी वाजायला लागलेला कान परत पूर्ववत होईलच असं नाही. परवाना नसतानाही हे सगळं परवानाधारक रायफल क्लबात देखरेखीखाली शिकता येतं. आणि नुसता नेम आवडतोय असं लक्षात आलं, तर .१७७ बोरची, २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. आपल्या खरगोनचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या राज्य अकादमीतून पुढे आला. ते जग वेगळं आहे, आणि माझ्या मते या जगापेक्षा बरं.

ग्वाल्हेरात बंदूक ही शान आहे हे मला कुणी समजावून सांगायला नको. इथे परवान्याची भूक इतकी की २०१९ मध्ये कलेक्टरांनी अर्जदारांना आधी दहा झाडं लावायला सांगितली होती, आणि त्याआधी २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली होती. पण वरातीत उघडी बंदूक खांद्यावर मिरवणं आता नियमात बसत नाही. सार्वजनिक जागी लहान हत्यार होल्स्टरमध्ये आणि लांब हत्यार कव्हरमध्ये पूर्ण झाकलेलं असायला हवं. आनंदात बार उडवण्याला शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मेव्हणा कितीही आग्रह करो, हत्यार त्याच्या हातात द्यायचं नाही. परवाना तुमचा, गुन्हाही तुमचा.

खंडेनवमीचं विचारणारे पुष्कळ असतात. पूजा जरूर करा. आदल्या दिवशी हत्यार उघडून रिकामं असल्याची खात्री करा, काडतुसं वेगळ्या खोलीत कुलपात ठेवा आणि पाटावर दुनळी मांडताना नळी मोडून, उघडी मांडा. ओलं कुंकू नळीला लावू नका. निळसर मुलामा त्या ओल्या ठिपक्यापाशी खातो, आणि आठवड्यात तिथे गंजाचं नाणं उमटतं. दस्त्याला फूल वाहा, संध्याकाळी तेलाचं फडकं फिरवा.

अर्ज आता राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. प्रत्येक परवानेधारकाला युनिक क्रमांक मिळतो, आणि एका माणसाचा एकच परवाना, शस्त्रं त्यावरच चढतात. वैद्यकीय दाखल्यात मानसिक आरोग्य आणि व्यसन यांचा स्पष्ट उल्लेख लागतो. तो डॉक्टरांपुढे बसून घ्या. घरात कुणी खचलेलं असेल, कुणाचं पिणं वाढलं असेल, तर अर्ज पुढे ढकला. हे नियमात नाही, मी सांगतोय. पोलीस अहवालाला ३० दिवस आणि त्यानंतर निर्णयाला ६० दिवस, असं नियम म्हणतो. नकार आला तर कारण लेखी मागा, ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. चौकशीला आलेला हवालदार शस्त्र कुठे ठेवणार असं विचारेल, तेव्हा कपड्यांच्या कपाटाकडे बोट दाखवू नका. भिंतीत बोल्टने आवळलेली लोखंडी पेटी, काडतुसांना दुसरं कुलूप, आणि दोन्ही किल्ल्या मुलांना माहीत नसलेल्या जागी.

मिळालेला परवाना पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी करायचा, तेव्हा तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहा. परवान्यावर इलाखा कोणता छापलाय तेही बघा. तो मध्य प्रदेशापुरता असेल, तर झाशीच्या लग्नाला हत्यार नेता येणार नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश येतो. तेव्हा शेवटच्या दिवसाची रांग टाळा, आणि पावतीवर शस्त्राचा नंबर, काडतुसांची संख्या आणि दस्त्यावर आधीपासून असलेले ओरखडे लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.